जखम, वेदना आणि उपचार : मराठवाड्याच्या इतिहासातील तीन प्रसंग

बखरींत आणि इतिहासाच्या ग्रंथांत जखमांचा उल्लेख विपुल असतो. वेदनेचा मात्र क्वचित आढळतो. अमुक सरदारास गोळी लागली, तमुक स्वारास तरवारीचे वार झाले, इतके पडले, इतके जायबंदी झाले, येथवर बखरकाराची लेखणी चालते आणि पुढे थांबते. जायबंदी झालेला तो स्वार गावी परतल्यावर पुढील वीस वर्षे कोणत्या कुशीवर निजत असे, पावसाळ्यात त्याचा खांदा कसा ठणकत असे, नांगराच्या रुमण्यावर त्याचा हात पुन्हा बसला की नाही, याची नोंद कोणी ठेवावी? वेदना ज्याची त्यास कळते. तिला साक्षीदार नाही, म्हणून तिला इतिहासही नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत आम्हांस पूर्णपणे मान्य नाही. मनुष्याने वेदनेवर जे उपाय केले त्यांच्या नोंदी पुष्कळ ठिकाणी शिल्लक आहेत, आणि उपायांचा इतिहास बारकाईने वाचला तर वेदनेचाही इतिहास हाती लागतो.

हा विषय आज घेण्यास एक व्यावहारिक कारणही आहे. नांदेडच्या डॉक्टर लेनमधून अथवा लातूरच्या एखाद्या हमरस्त्यावरून जाताना सांधेदुखी, पाठदुखी आणि जुन्या दुखापती यांवरील नवनव्या उपचारांच्या पाट्या कोणाच्याही दृष्टीस पडतात. कोठे रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या द्रवाचे गुडघ्यात इंजेक्शन, कोठे मज्जातंतू तापवून बधिर करणारी सुई, कोठे यंत्राच्या साहाय्याने केलेला सांधेबदल. घरातील वडील माणसाचा गुडघा दुखू लागला की सुशिक्षित कुटुंबांतही गोंधळ उडतो : यांतील खरे कोणते, आणि केवळ नवे म्हणून खरे वाटणारे कोणते? हा निवाडा शेवटी वैद्यानेच करावयाचा. परंतु निवाडा करण्याची दृष्टी इतिहास देऊ शकेल, असे आम्हांस वाटते. त्यासाठी आमच्या प्रांताशी निगडित असे तीन प्रसंग आम्ही निवडले आहेत. पहिला नांदेडचा, सन १७०८ मधील. दुसरा हैदराबादचा, सन १८८९ मधील. आणि तिसरा लातूर जिल्ह्यातील किल्लारीचा, सन १९९३ मधील. पहिल्यात जखम बंद करण्याच्या विद्येची कथा आहे, दुसऱ्यात शस्त्रक्रियेच्या घटकेपुरती वेदना थांबविण्याची, आणि तिसऱ्यात जखम बरी झाल्यावरही उरणाऱ्या वेदनेची.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर गादीवर आलेला बादशहा बहादूरशहा सन १७०८ मध्ये दक्षिणेत उतरला. त्याच वेळी शिखांचे दहावे गुरू श्रीगोविंदसिंहजी हेही दक्षिणेत आले आणि गोदावरीच्या तीरी नांदेड येथे त्यांचा मुक्काम पडला. येथेच एका पठाणाने त्यांच्यावर खंजिराने प्राणघातक हल्ला केला. त्यापुढील हकिगत शीख परंपरेने जपून ठेविली आहे ती अशी : जखम खोल होती, बादशहाने आपल्याकडील शस्त्रवैद्य पाठविला, त्याने ती शिवली, थोड्या दिवसांत ती भरून आल्यासारखी दिसू लागली. तो शस्त्रवैद्य युरोपियन होता असेही काही लेखकांनी म्हटले आहे. पुढे गुरूंनी एक जबर धनुष्य ओढले. त्या ताणाने टाके उसवले, जखम पुन्हा उघडली, आणि ७ ऑक्टोबर १७०८ रोजी त्यांनी देह ठेविला. देह ठेवण्यापूर्वी त्यांनी गुरुपदाचा अधिकार ग्रंथसाहेबाकडे सोपविला, ही घटना शीख धर्माच्या इतिहासात केंद्रस्थानी आहे. पुढे महाराजा रणजितसिंहांच्या आश्रयाने १८३२ ते १८३७ या वर्षांत सचखंड श्रीहुजूरसाहेबाचे आजचे मंदिर उभे राहिले.

श्रद्धेचा विषय श्रद्धावंतांसाठी राखून आपण येथे केवळ जखमेचा विचार करू. परंपरेतील या कथेत शस्त्रवैद्यकाचे एक मोठे सत्य दडलेले आहे. शिवलेली जखम वरून मिटते ती लवकर. परंतु आतील ऊतींस बळ येते ते फार सावकाश. अर्वाचीन प्रयोगांवरून असे दिसून आले आहे की पहिल्या आठवड्याअखेर जखमेच्या सांध्यास मूळ कातडीच्या जेमतेम दशांश बळ असते, आणि तीन महिन्यांनंतरही ते सुमारे ८० टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाही. म्हणजे शरीर पूर्वीचे वस्त्र पुन्हा विणून देत नाही. ते ठिगळ लावते. टाके घालणाऱ्या हाताचे काम एका तासात संपत असले, तरी बरे होण्याचे काम त्यानंतर सुरू होते. जखम मिटणे आणि मनुष्य पूर्ववत होणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हा या प्रसंगाचा बोध आम्ही पुढेही वारंवार लक्षात ठेवणार आहोत.

जखम बंद करण्याच्या विद्येत आमचा देश मागे होता, असे मात्र कोणी समजू नये. याच शतकाच्या अखेरीस पश्चिम महाराष्ट्रात घडलेली एक शस्त्रक्रिया साऱ्या युरोपास विस्मयचकित करून गेली. सन १७९२ च्या टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रजी फौजेकडील एक गाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. इंग्रजी वृत्तान्तात त्याचे नाव कावसजी असे दिले असून त्यास मराठा म्हटले आहे. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे एक वर्षानंतर पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका कसबी मनुष्याने त्यास नवे नाक करून दिले. मेणाचे पातळ नाक घडवून ते कपाळावर पसरावयाचे, त्याच्या आकाराने कपाळाची कातडी सोडवावयाची, भुवयांमधील एक बारीक पट्टी रक्तपुरवठ्यासाठी तशीच राखावयाची, आणि ती कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवावयाची, अशी ही कृती होती. जखमेवर कात भिजवून लावलेल्या कापडाच्या पट्ट्या चार दिवस ठेवीत, नंतर तुपात भिजविलेले कापड, आणि सुमारे २५ व्या दिवशी ती जोडपट्टी कापून टाकीत. हा वृत्तान्त लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात छापला गेला, आणि त्याच्या आधारे जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने १८१४ साली इंग्लंडात तशी शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखविली.

परंतु या सर्व कौशल्याची दुसरी बाजू विचार करण्याजोगी आहे. सर्वत्र चालणारे खात्रीचे भुलीचे औषध त्या काळी जगात नव्हते. कपाळाची कातडी सोडविली जात असता रुग्ण जागा असे. अफूची गोळी, भांग, मद्य आणि चार माणसांचे धरून ठेवणारे हात, एवढीच काय ती साधने. खेड्यापाड्यांतून याहूनही उग्र उपाय चालत. काटा मोडला, टाच भेगाळली किंवा सांधा धरला की तापविलेल्या बिब्ब्याचे तेल लावावयाचे. कंबर लचकली की वैदूकडून तुंबडी लावून घ्यावयाची. शूळ जुना झाला की तापलेल्या लोखंडाचा डाग द्यावयाचा. निर्गुडीच्या पाल्याचा शेक आणि हळदीचा लेप हे त्यांतील सौम्य उपाय. बिब्ब्याने कातडीस फोड येत व डागाचा व्रण जन्मभर राही; तरीही लोक ते उपाय घेत, आणि काहींस काही काळ बरे वाटे हेही खरे. मोठे दुःख लहान दुःखाने झाकावे, असा त्या उपायांमागील लोकांचा तर्क होता. या तर्कात किती तथ्य होते, ते पुढे दिसून येईल.

आता दुसऱ्या प्रसंगाकडे वळू. तो घडला हैदराबादेत. परंतु मराठवाड्याच्या इतिहासात त्याचा समावेश करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. नांदेड हा त्या काळी निजामाच्या राज्यातील जिल्हा होता, आणि लातूर हेही त्याच राज्यातील गाव होते. मराठवाड्याच्या सरकारी वैद्यकाचे सूत्र हैदराबादेतच हलत असे. तेथे १८४६ साली वैद्यकीय शाळा निघाली होती. त्याच वर्षी १६ ऑक्टोबर रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे विल्यम मॉर्टन याने ईथर हुंगवून रुग्णास निश्चेष्ट केले, आणि पुढील वर्षी एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन याने भुलीसाठी क्लोरोफॉर्मचा उपयोग करून ईथरास मागे सारले. क्लोरोफॉर्म थोडके लागे, लवकर चढे आणि उष्ण देशात हाताळण्यास सोपे पडे. त्यामुळे हिंदुस्थानात त्याचा प्रसार झपाट्याने झाला. मात्र मधूनमधून, अगदी क्षुल्लक शस्त्रक्रियेच्या वेळीही, क्लोरोफॉर्म हुंगताच एखादा धडधाकट रुग्ण एकाएकी गतप्राण होई. असे का व्हावे, यावर वैद्यांत दोन पक्ष पडले. लंडनचा पक्ष म्हणे, हे औषध हृदय बंद पाडते, म्हणून नाडीवर बोट ठेवा. एडिंबरोचा पक्ष म्हणे, आधी श्वास थांबतो व मग हृदय. श्वासाकडे लक्ष असले म्हणजे भय नाही.

हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी हे या दुसऱ्या पक्षाचे कट्टर अनुयायी. एडिंबरोचे विख्यात शस्त्रवैद्य जेम्स साइम यांचे ते शिष्य होत. हजारो रुग्णांस क्लोरोफॉर्म दिल्याचा अनुभव त्यांच्या गाठी होता, आणि गुरूचा सिद्धान्त प्रयोगाने सिद्ध करण्याचा त्यांनी निश्चय केला. निजाम सरकारच्या आश्रयाने १८८८ साली पहिले क्लोरोफॉर्म कमिशन बसले; त्याने कुत्र्यांवर प्रयोग करून लॉरी यांच्या मताची ग्वाही दिली. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने तिजविषयी शंका व्यक्त केली. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने १,००० पौंड देऊ करून ‘लॅन्सेट’लाच आपला प्रतिनिधी पाठविण्याचे आव्हान दिले. १८८९ च्या हिवाळ्याच्या तोंडी लॉडर ब्रंटन हे नामांकित औषधशास्त्रज्ञ हैदराबादेस आले आणि दुसरे कमिशन सुरू झाले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. श्वास आणि रक्ताचा दाब यांचे आलेख काढले गेले. आणि प्रथम विरुद्ध मताचे असलेले ब्रंटन हेही अखेरीस लॉरी यांच्या पक्षास मिळाले. हृदय आधी बंद पडत नाही, श्वासावर नजर ठेवली की क्लोरोफॉर्म निर्धोक आहे, असा निर्णय जाहीर झाला. एका देशी संस्थानाने जगातील वैद्यकास प्रश्न विचारून त्याचे उत्तर आपल्या राजधानीत मिळविल्याचा हा अपूर्व प्रसंग होता. या कार्यात भाग घेतलेल्यांत रूपाबाई फर्दुनजी याही होत्या. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत १८८५ ते १८८९ या काळात शिकलेल्या या पारशी विदुषींची गणना जगातील आद्य स्त्री भूलतज्ज्ञांत होते.

येथे कथा संपली असती तर ती केवळ अभिमानाची झाली असती. परंतु ती पुढे जाते. निर्णय जाहीर झाल्यावरही क्लोरोफॉर्मखालील मृत्यू थांबले नाहीत. सन १९११ मध्ये गुडमन लेव्ही या इंग्रज संशोधकाने मांजरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना हृदय एकाएकी थरथरू लागते व कायमचे बंद पडते. श्वास त्यानंतर थांबतो. याचा अर्थ मोठा विलक्षण होता. भिऊन थोडे थोडे औषध देणारा, किंवा रुग्ण घाबरून धडपडत असता मध्येच औषध थांबवून पुन्हा देणारा, हाच अधिक धोका पत्करीत होता. हैदराबादच्या प्रयोगांत बहुतेक जनावरांस औषधाचा भारी मारा झाला होता. भारी मात्रेने श्वास आधी जातो हे खरेच होते, म्हणून कमिशनला तेच दिसले. त्यांनी डोळ्यांनी पाहिले ते खोटे नव्हते. त्यांनी विचारलेला प्रश्न अपुरा होता. रुग्णशय्येवर ज्या स्थितीत मृत्यू घडत, ती स्थितीच प्रयोगात उतरली नव्हती. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यानंतर क्लोरोफॉर्म शस्त्रक्रियागृहांतून बाहेर पडला.

लॉरी यांस हसण्यासाठी आम्ही ही कथा सांगत नाही. भूल देणाऱ्याने रुग्णाच्या श्वासावरील नजर क्षणभरही ढळू देऊ नये, हा त्यांचा आग्रह आजही प्रत्येक भूलतज्ज्ञ पाळतो. फक्त त्याच्या जोडीस हृदयाचा आलेख आणि रक्तातील प्राणवायूचे माप आले आहे. परंतु प्रामाणिक हेतू, राजाश्रय, विपुल पैसा, शेकडो प्रयोग आणि नामांकितांच्या सह्या ही पाचही एकत्र आली तरी सत्य हाती लागेलच असे नाही, हे हैदराबादने जगास शिकविले. नव्या उपचाराविषयी ऐकताना वैद्याच्या अनुभवाचे आकडे आपल्यापुढे टाकले जातात, तेव्हा हा धडा आठवावा. अनुभव लॉरींजवळही होता.

तिसऱ्या प्रसंगापर्यंत येण्यास मध्ये एक शतक ओलांडावे लागते. त्या शतकात मराठवाड्याच्या वाट्यास नव्या वैद्यकाचे दान अगदी हात आखडून आले. निजामाच्या राजवटीत या भागात एकही वैद्यकीय महाविद्यालय निघाले नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली. १९५६ मध्ये औरंगाबादेस पहिले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. १९६६ मध्ये लातुरात डॉ. अशोकराव कुकडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालयाची मुहूर्तमेढ रोवली. अंबाजोगाईस ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आले. नांदेडचे सरकारी महाविद्यालय १९८८ मध्ये सुरू झाले. लातूर स्वतः जिल्हा झाला तो १९८२ साली.

आणि ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट उजाडली. आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी होती. गणपती बोळवून गावे गाढ झोपली होती. पहाटे चारला काही मिनिटे कमी असता औसा तालुक्यातील किल्लारी आणि शेजारच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर या परिसरात भूमी हादरली. सरकारी आकड्यांप्रमाणे जवळजवळ ८,००० माणसे दगावली आणि सुमारे १६,००० जखमी झाली. धरणीकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या आसपास, म्हणजे जगाच्या मानाने मध्यमच होती. संहार केला तो घरांनी. दोन दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि त्यांवर जाड मातीचे माळवद, अशी ती घरे उन्हाळ्यात थंडाव्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या बांधली जात. मातीच्या सांध्यांतील दगड सुटले आणि माळवद निजलेल्यांच्या अंगावर कोसळले.

म्हणून किल्लारीच्या जखमा तरवारीच्या जखमांहून निराळ्या होत्या. दगडमातीखाली दबलेल्या मनुष्याची हाडे मोडतात, छाती चेपते, आणि सर्वांत वाईट म्हणजे पाठीचा कणा मोडून त्यातील मज्जारज्जूस इजा होते. शिवाय एक कपटी विकार असा की तासन्‌तास दबलेला हात अथवा पाय मोकळा होताच त्यातील नासलेल्या स्नायूंचे विष रक्तात मिसळते आणि वाचलेला म्हणून ज्याचा आनंद करावा तो दोन दिवसांत मूत्रपिंडे बंद पडून मरतो. या विकाराचे स्पष्ट वर्णन बायवॉटर्स आणि बील या वैद्यांनी १९४१ मध्ये, जर्मन बाँबवर्षावाखाली ढासळलेल्या लंडनमधील रुग्णांवरून केले होते. लंडनच्या घरांखाली मिळालेले ज्ञान पुढे जगभरच्या धरणीकंपांत उपयोगी पडले.

सैन्य आले, स्वयंसेवक आले, जखमींस लातूर, उमरगा, सोलापूर येथील रुग्णालयांत हलविण्यात आले, आणि पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठी पुनर्वसनयोजना आखली गेली. ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. घरांच्या नुकसानीचे वर्ग पाडून त्याप्रमाणे मदत वाटली गेली. हे काम मोठे होते आणि त्यातून देशाने आपत्तिनिवारणाचे पुष्कळ शिकून घेतले. परंतु घराची तडजोड होते तशी देहाची होत नाही. ज्या बाईचा कणा मोडून सांधला गेला, ती जखमींच्या यादीतून लवकरच उतरली; पण निंदणीस दिवसभर ओणवे राहणे, डोक्यावर पाण्याची घागर घेऊन नव्या वसाहतीच्या लांबच लांब रस्त्यांवरून चालणे, हे तिच्याने पूर्वीसारखे होईल काय? नांदेडच्या प्रसंगात आपण जे पाहिले तेच येथे गावोगाव घडणार होते : जखम मिटली आणि धनुष्य ओढण्याची वेळ आली. फरक इतकाच की ओणव्याने निंदणाऱ्या बाईचे धनुष्य तिला रोज ओढावे लागते.

येथेच आमच्या विषयाचा गाभा आहे. जखम बरी झाल्यावरही उरणारी वेदना ही वैद्यकाने फार उशिरा ओळखली. वेदना हे केवळ रोगाचे लक्षण आहे; रोग गेला की ती जाईल; गेली नाही तर रोगी सोंग करीत असावा, असे वैद्यही दीर्घकाळ मानीत. अमेरिकेतील यादवी युद्धात वेअर मिचेल यांनी मज्जातंतूंच्या जखमा झालेल्या सैनिकांत कापून टाकलेला पाय दुखत असल्याची उदाहरणे पाहिली. फ्रान्समधील रने लेरिश यांनी १९३७ साली चिवट वेदना हाच एक रोग असल्याचे प्रतिपादिले. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर यांस असे आढळले की भयंकर जखमा झालेले कित्येक सैनिक मॉर्फिनची मागणीच करीत नाहीत. तेव्हा जखमेचे माप आणि वेदनेचे माप एक नसते, हे ध्यानात आले. अखेरीस १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी असा सिद्धान्त मांडला की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक दार आहे. स्पर्शाच्या संवेदना आणि मेंदूकडून येणाऱ्या आज्ञा ते लोटून घेऊ शकतात. त्या सिद्धान्ताच्या तपशिलात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. परंतु दुखऱ्या जागी चोळल्याने वा शेकल्याने बरे का वाटते, याचा उलगडा त्याने झाला. एका वेदनेने दुसरी दबते, हेही पुढील प्रयोगांत दिसून आले. आमच्या बिब्ब्याच्या आणि तुंबडीच्या तर्कात काही तथ्य होते, ते एवढेच. त्यापायी कातडी जाळून घेण्याचे समर्थन मात्र त्यातून होत नाही.

या नव्या विचारातूनच आजचे बरेच उपचार निघाले. १९६७ मध्ये अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी मज्जारज्जूजवळ विद्युत्-तार बसवून सूक्ष्म प्रवाहाने वेदना दडपण्याचा प्रयोग केला. आज त्याची सुधारलेली यंत्रे कातडीखाली बसविली जातात. ध्वनिलहरींच्या चित्रावरून सुईचे टोक डोळ्यांनी पाहत नेमका मज्जातंतू बधिर करता येतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत सुझेट्रिजिन या औषधास मान्यता मिळाली. ते अफूच्या कुळातील नसून वेदना वाहणाऱ्या तंतूंतील एक विशिष्ट द्वारच बंद करते, आणि तूर्त ते अल्पकाळच्या वेदनेसाठीच मान्य झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेस स्वतःचे स्थान मिळाले. वेदनेला साक्षीदार नाही असे आम्ही आरंभी म्हटले. आता निदान तिच्या नावाचा रकाना तरी वैद्याच्या वहीत उघडला आहे.

परंतु प्रत्येक नव्या गोष्टीस हैदराबादची कसोटी लावली पाहिजे. गुडघ्यात दुर्बीण घालून आतील सांधा धुण्याची शस्त्रक्रिया एके काळी सर्रास होत असे. २००२ साली अमेरिकेत १८० रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात काहींची खरी शस्त्रक्रिया केली होती आणि काहींस केवळ वरवरचे छेद दिले होते. कोणास काय केले हे रुग्णांस ठाऊक नव्हते. दोन्ही गटांस सारखेच बरे वाटले. रुग्णाच्या रक्तातील द्रव गुडघ्यात टोचण्याविषयीही ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर असाच प्रयोग झाला. २०२१ मध्ये त्याचे फळ प्रसिद्ध झाले, ते असे की वर्षअखेर त्या द्रवाचा गुण मिठाच्या पाण्याहून अधिक दिसला नाही. इतर काही लहान प्रयोगांत लाभ दिसला आहे, तेव्हा वाद मिटलेला नाही. पण पाटीवर तो मिटल्याप्रमाणे लिहिलेला असतो. ज्या कुटुंबास एकरभर सोयाबीनच्या उत्पन्नातून हा खर्च करावयाचा, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ शास्त्रीय नाही.

याच्या उलट अपराधही तितकाच मोठा आहे. तो म्हणजे सिद्ध झालेला उपाय भयाने नाकारणे. अफूपासून मॉर्फिन वेगळे काढले गेले त्यास दोन शतके उलटून गेली. कर्करोगाच्या असह्य वेदनेवर ते आजही श्रेष्ठ औषध मानले जाते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश येथे सरकारी परवान्याने अफू पिकते आणि ती परदेशी औषधांसाठी रवाना होते. परंतु १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांची अशी जंजाळे उभी केली की कित्येक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले, आणि ज्या देशात अफू पिकते त्याच देशातील रुग्ण तळमळत राहिले. २०१४ मध्ये तो कायदा सुधारून वाट सुलभ करण्यात आली. परंतु वैद्यांच्या मनातील भय कायद्याइतके लवकर बदलत नाही. हे भय अगदीच निराधार आहे असेही नव्हे. अमेरिकेत १९९६ पासून ऑक्सिकॉन्टिन या अफूवर्गीय गोळीचा, तिचे व्यसन क्वचितच लागते अशा आश्वासनासह, बेसुमार प्रसार करण्यात आला. २००७ मध्ये ती बनविणाऱ्या कंपनीस न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला. आणि अशा औषधांच्या लाटेत तेथे लाखो माणसे प्राणास मुकली. अतिरेकी विश्वास आणि अतिरेकी भय ही दोन्ही रुग्णाच्याच जिवावर उठतात.

मग सामान्य कुटुंबाने धरावयाचे काय? आमच्या मते एका उदाहरणात याचे उत्तर आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा व शस्त्रवैद्य प्रमोद करण सेठी यांनी रबराचा कृत्रिम पाय तयार केला. विलायती पाय बुटात घालण्यासाठी घडविलेला असे. तो लावून मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, अनवाणी चिखलात उतरता येत नसे. आमच्या शेतकऱ्यास तो पाय असून नसल्यासारखाच. जयपूरच्या पायाने या तिन्ही गोष्टी साध्य केल्या. तो करणाऱ्यांनी आधी विचारले की हा मनुष्य दिवसभर काय करतो, आणि मग पाय घडविला. नव्या उपचाराबाबत आम्ही हाच प्रश्न विचारला पाहिजे. या इंजेक्शनानंतर आजी देवळाची पायरी चढेल काय? ऊसतोडीस जाणारा गडी मोळी उचलील काय? आणि तो लाभ सहा महिन्यांनी, वर्षाने टिकतो, हे निःपक्षपाती प्रयोगाने कोणी दाखविले आहे काय?

अशा प्रश्नांची उत्तरे बहुधा साध्या गोष्टींकडे घेऊन जातात : नियमित व्यायाम शिकविणारा भौतिकोपचारतज्ज्ञ, वजनावर ताबा, कामाच्या पद्धतीत बदल, योग्य मात्रेतील औषध, आणि रुग्ण पुन्हा पुन्हा येऊन भेटेल अशी जवळची जागा. यांत चमत्कार नाही, म्हणून यांची पाटीही लागत नाही. पाठ धरली की सुई मारून घ्यावयाची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फडावर जावयाचे, ही रीत मात्र ठिकठिकाणी चालते. आणि रोजच्या वेदनाशामक गोळ्यांनी जठर व मूत्रपिंड यांची जी हानी होते तिचा हिशेब पुढच्या पिढीच्या माथी येतो. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात एक चांगला भौतिकोपचारतज्ज्ञ असणे, हे शहरातील दहा नव्या यंत्रांहून या प्रांतास अधिक उपकारक ठरेल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जखम शिवण्याची विद्या मनुष्याने प्राचीन काळीच संपादन केली. शस्त्रक्रियेच्या घटकेची वेदना त्याने एकोणिसाव्या शतकात जिंकली. घटका टळून गेल्यावर मागे राहणारी वेदना अजून जिंकावयाची आहे. ती जिंकण्याचा दावा करणारे पुष्कळ येतील आणि त्यांतील काही खरेही ठरतील. त्यांच्याकडे तुच्छतेने पाहू नये व भाबडेपणानेही पाहू नये. टाके घातल्याच्या दिवशी वैद्याचे यश मोजू नये; रुग्ण आपले धनुष्य पुन्हा हाती घेईल त्या दिवशी मोजावे.